कवळी शोधता शोधता

लग्न असो, बारसं असो, कुणाची साठी असो, ओश शहरातल्या त्या आळीत तश्तानबेक बोलायला उभा राहिल्याशिवाय मेजवानीला रंग चढत नसे. एक हात छातीवर ठेवून तो बोलायला लागला की आचारीसुद्धा झारा टेकवून ऐकत राहायचे आणि कढईत पुलाव खाली लागायचा. उभी हयात त्यानं शहरातली बस चालवली, पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्याची जीभ. त्याची बायको साजिदा म्हणायची, यांच्या तोंडाला देवानं दार दिलं, पण कडी बसवायला विसरला.

साजिदा जाऊन आता काही हिवाळे उलटले होते. मुलगा उलान रशियात, नोवोसिबिर्स्कला इमारतींच्या कामावर. घरात म्हातारा आणि सून कनिशाय, दोघंच. कनिशाय अलायच्या डोंगरातली. लग्नाचा रुमाल डोक्यावर नवा होता तोवरच नवरा परत कामावर गेला होता. पोरगी पहाटे उठून अंगण झाडायची, सासऱ्यासमोर वाकून चहा ठेवायची आणि बोलायची ती इतकं हळू, की तश्तानबेकला वाटायचं, ही भिंतीशी बोलतेय की आपल्याशी. घरात दोन माणसं. एक बोलायचं, दुसरं मान हलवायचं. म्हाताऱ्याला ते खटकायचं. पण पोरीचा संकोच कसा घालवावा, हे त्याच्या एवढ्या मोठ्या जिभेलाही सुचत नव्हतं.

घराच्या मागच्या दाराबाहेर आक-बुरा वाहायची. आक-बुरा म्हणजे पांढरा उंट. वसंतात बर्फ वितळलं की नदी खरोखरच तोंडाला फेस आलेल्या उंटासारखी शहरातून धावायची. पण मागच्या दारातून ती दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. मध्ये उकिरडा होता. आळीतल्या प्रत्येक घराचं मागचं दार नदीकडे आणि प्रत्येक दारातून एक पायवाट त्या ढिगाकडे. टरबुजाची सालं, चुलीतली राख, फुटक्या विटा, गंजलेले पत्रे, जुन्या गाद्या, सगळं तिथे. वरच्या अंगाला मामासालीचं ट्रक धुण्याचं आवार होतं, त्याचं काळं पाणी ढिगाखालून झिरपत नदीत जायचं. ऊन कललं की बाटल्या घेऊन पुरुष बसायचे, त्यांच्याभोवती कुत्री. बायका तिकडे जायच्या त्या बादली रिकामी करायला, रुमालाचं टोक नाकाला लावून, आणि तशाच पावली परतायच्या.

त्या शरदात कनिशायचे आईवडील पहिल्यांदा लेकीच्या घरी आले. पोरीनं दोन दिवस राबून दस्तरखान मांडला, जमिनीवर अंथरलेलं जेवणाचं कापड भरून गेलं. मटण, शंकरपाळ्यांसारखे तळलेले बोरसोक, शेजारच्या इनोबातच्या तंदूरमधले गरमगरम समसे, वर टरबुजं आणि द्राक्षं. तश्तानबेकनं व्याह्यांसमोर आपली जीभ पाजळली. व्याही पोट धरून हसले, विहीणबाईंनी डोळे पुसले. समसा खाताना मात्र तिळाचा एक दाणा म्हाताऱ्याच्या कवळीखाली जाऊन बसला. असा टोचायला लागला की सहन होईना. सगळे फळांकडे वळलेत असं पाहून त्यानं हळूच कवळी काढली, कागदी रुमालात गुंडाळली आणि पावाच्या आड ठेवली. म्हटलं, दोन मिनिटांनी मोरीत जाऊन धुऊन बसवू.

तेवढ्यात व्याह्यांनी दुआसाठी हात उचलले. दुआ झाली आणि सगळे उठले. डोंगरात जाणारी गाडी बाहेर भोंगा वाजवत होती. तश्तानबेक ओठ मिटून, छातीवर हात ठेवून, फाटकापर्यंत गेला. एवढा बोलका माणूस निरोपाच्या वेळी मुका झालेला पाहून व्याही गहिवरला. म्हणाला, माझ्या लेकीला मोठ्या मनाचा सासरा मिळाला. आणि त्यानं मिठी मारली.

म्हातारा परत येतो तो दस्तरखान लख्ख. पाव फडक्यात बांधून ठेवलेला, भांडी विसळलेली, आणि हाडं, सालं, कागद असलं सगळं बादलीतून मागच्या दारानं कधीच गेलेलं. त्यानं गाद्या उचलून पाहिल्या, चटई झटकली. मग मागच्या दारात जाऊन उभा राहिला. अंधारून येत होतं. ढिगावर आळीतल्या साऱ्या घरांचा दिवसभराचा कचरा येऊन पडला होता आणि दोन कुत्री त्यात तोंड घालून होती.

मागे कनिशाय येऊन उभी राहिली. चेहरा थकलेला, पण असा उजळलेला त्यानं कधी पाहिला नव्हता. "बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चक्क ऐकू आला, "आई म्हणाली, तुझ्या हाताला चव आलीय. आई असं कधी म्हणत नाही."

आता हिला काय सांगायचं? तश्तानबेकनं ओठ घट्ट मिटले, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत जाऊन गालावरून रुमाल बांधून पडला. दाढ दुखतेय, असं खुणेनं सांगितलं.

सकाळी कनिशाय दूध आणायला गेली तसा तो कोठीतलं दाताळं घेऊन मागच्या दारानं बाहेर पडला. उकिरडा उचकायला लागला. वरचा थर सहज निघाला, पण कवळी काही दिसेना. कुत्र्यांनी कुठे ओढून नेली असेल, की ढिगाच्या फटीतून खाली घसरली असेल? बस चालवणाऱ्या माणसाला एक कळतं, रस्ता चुकला की सुरुवातीपासून जावं लागतं. त्यानं घरातली रिकामी पोती आणली आणि एका कडेपासून ढीग पोत्यांत भरायला घेतला. भरलेलं पोतं बाजूला, मोकळी जागा पायाशी. म्हणजे पाहिलेलं परत पाहायला नको.

इनोबातनं हे तिच्या तंदूरपाशी उभं राहून पाहिलं. इनोबात उझबेक बाई, अंगानं भरलेली, जिभेनं तिखट. वडीलधाऱ्याला मानानं म्हणतात तसं अक्सकाल म्हणून तिनं हाक मारली आणि विचारलं, हे काय आरंभलंय? तश्तानबेकनं गालावरच्या रुमालाकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि पुन्हा दाताळं मारलं. बिनदाताच्या तोंडानं दोन शब्द बोललो तरी हिला कळेल, आणि हिला कळलं की दुपारच्या बांगेपर्यंत बाजाराच्या पलीकडच्या टोकाला कळेल, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. मग म्हणतील, सुनेनं सासऱ्याचे दात फेकले. पोरीला पुन्हा मान वर करता येणार नाही.

इनोबात बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साजिदा गेली तो महिना जवळ आला होता, हे तिला आठवलं. साजिदा लोकर धुवायला नदीवर जायची, काठ बुजला तेव्हा तिनंच सगळ्यांशी भांडण मांडलं होतं, हेही आठवलं. तिनं आपल्यापुरता अर्थ लावला आणि तो आळीभर सांगितला: अक्सकालांनी बायकोसाठी मौन धरलंय. काठ स्वच्छ होईपर्यंत शब्द काढणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी तश्तानबेक गेला तेव्हा तिथे आधीच माणसं उभी होती. आमच्याकडे म्हाताऱ्याच्या हातात फावडं आणि तरण्यांचे हात खिशात, यापेक्षा मोठी लाज नाही. कुणीतरी त्याच्या हातातलं दाताळं काढून घेतलं, कुणी त्याला खुर्ची आणून दिली. अशार पुकारली गेली. एकाच्या कामाला सगळ्यांनी हात लावायचा, मोबदल्यात फक्त चहा आणि पाव. बायकांनी मागच्या अंगणात चहाचे समोवार पेटवले. कुठूनसा ट्रॅक्टर आला, मागे ट्रॉली.

म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला. ट्रॉली भरून गेली की तिच्याबरोबर आपले दातही गेले! तो खुर्चीतून उठून प्रत्येक फावड्याशी वाकून बघायचा, मध्येच हात धरून थांबवायचा, बोटांनी राख चाळायचा. लोक एकमेकांना म्हणायचे, बघा, कशी आस्था आहे, मातीचा कणसुद्धा पारखून घेतात. तश्तानबेकला हसावं की रडावं कळेना. दोन्हींसाठी तोंड उघडावं लागलं असतं.

असं बरेच दिवस चाललं. आणि एका दुपारी, ढीग जिथे सगळ्यात उंच होता तिथे, फावडं दगडावर खणकन वाजलं. माती दूर केली तर घडवलेला दगड. त्याच्याखाली आणखी एक. मग आणखी एक. सगळ्यांना वाटलं कुणाच्या घराचा पाया असेल. तश्तानबेकनं ओळखलं. त्या नदीच्या पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीला एक खळगा होता, तिथे साजिदा साबण ठेवायची. लग्न झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात तो मुद्दाम दुपारची फेरी संपवून इथे यायचा, वर उभा राहून तिच्याशी बोलायचा, आणि ती वर न बघता लोकर पिळत ऐकायची.

संध्याकाळपर्यंत शेवटची पायरी मोकळी झाली आणि तिच्यावरून पाणी वाहायला लागलं. माणसं आपोआप बाजूला झाली. तश्तानबेक उतरून खाली गेला. खळग्यावरून हात फिरवला. मग वाकून ओंजळभर पाणी घेतलं, गालावरचा रुमाल खाली ओढून तोंड धुतलं, आणि बराच वेळ तसाच उकिडवा बसला. आपण इथे कशासाठी आलो होतो, हे त्या वेळी त्याच्या मनातही नव्हतं. परत वर आला तेव्हा त्याला दिसलं, मागच्या दारात कनिशाय उभी होती. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. पाण्याकडे पाहत होती, तहानलेल्या जनावरासारखी.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं सासऱ्यासमोर मटणाचा रस्सा ठेवला. त्यानं रस्सा प्यायला, पाव चहात बुडवून गिळला, मटणाला हात लावला नाही. गेले कित्येक दिवस हेच चाललं होतं. पोरगी आतल्या खोलीत गेली आणि परत आली ती हातात काचेचा पेला घेऊन. रात्री कवळी ठेवायला तो नेहमी सासऱ्याच्या उशाशी पाण्यानं भरलेला असायचा. आता कोरडा होता, तळाशी धूळ बसलेली.

"बाबा, दाढ दुखत नाहीये ना तुमची?" तिनं विचारलं. तश्तानबेकनं गालावरचा रुमाल आणखी घट्ट ओढला. ती मटकन खाली बसली. "मी फेकली. त्या दिवशी कागदं गोळा केली त्यात. तरीच बादली जड लागली होती." तिनं डोळ्यांना रुमाल लावला. "मी उद्या सगळ्यांना सांगते."

तेव्हा म्हाताऱ्यानं कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. शब्द हिरड्यांवरून घसरत होते, पण तो बोलला. "खबरदार सांगितलंस तर. मग मलाही सांगावं लागेल की व्याह्यांच्या पंगतीत मी कवळी काढून पावाशेजारी ठेवली. ज्याची शपथ घेतो त्या पावाशेजारी, पोरी! सांग बरं, कुणाची अब्रू जास्त जाईल?"

कनिशाय रडत होती ती हसली. रुमालाचं टोक तोंडात कोंबून हसली, आणि तिला हसताना पाहून म्हाताराही हसला. त्यांचं हे पहिलं खरं बोलणं. दुसऱ्याच दिवशी ती त्याला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं माप घेतलं आणि म्हणाला, हिरड्या सुजल्यात, जरा दम धरा, घाई केलीत तर नवी कवळी टोचेल.

तोवर काठ इतका मोकळा झाला होता की नवंच संकट उभं राहिलं. रिकामी जागा दिसली की माणसाच्या डोळ्यांत काही ना काही येतंच. मामासालीला वाटलं, आपले ट्रक उभे करायला यापेक्षा सोयीची जागा नाही. त्यानं नगरपालिकेत अर्ज टाकला. तिकडून एल्झादा नावाची बागखात्यातली बाई आली, अंगात जाडजूड कोट, पायात चिखलाचे बूट. तिनं पायऱ्या पाहिल्या, वरखाली दोनदा चालून आली आणि लोकांना सरळ सांगितलं: जागा शहराची आहे. ट्रकसाठी एक अर्ज आलाय. बाग हवी असं कुणी अजून म्हटलेलंच नाही. शुक्रवारी नमाजानंतर मी इथे येते, ज्याला जे म्हणायचं ते म्हणा, मी वर कळवते.

शुक्रवारी सगळी आळी काठावर जमली. मामासाली आपल्या माणसांना घेऊन आला होता. बोलायला तोही कमी नव्हता. त्यानं सांगितलं की हे आवार त्याच्या बापानं उभं केलं, त्यावर इतकी घरं जेवतात, आणि फुलझाडं बघून कुणाचं पोट भरत नाही. ते काही खोटं नव्हतं. लोकांनी माना हलवल्या. मग सगळ्यांचे डोळे तश्तानबेककडे वळले. मौन सोडायची हीच वेळ, असं प्रत्येकाला वाटत होतं. इनोबातनं तर त्याला कोपरानं ढोसलं.

तश्तानबेक उभा राहिला. गालावर रुमाल तसाच. आयुष्यभर परक्यांच्या लग्नात हा माणूस तासतासभर बोलला होता, आणि आज स्वतःच्या दारासमोर, साजिदाच्या पायऱ्यांसमोर, त्याला ओठ उघडता येत नव्हते. बोबडं बोललो तर हसतील, हसतील तर विचारतील.

"काय अक्सकाल," मामासाली म्हणाला, "दातखीळ बसली?"

त्याच्या माणसांत हशा पिकला. आणि मागच्या बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "खीळ बसायला दात तरी हवेत ना, मामासालीदादा."

सगळे वळले. कनिशाय पुढे येत होती. सासरची नवी सून, गावापुढे, मोठ्या माणसाला उलटून बोलत होती. तिचे कान लाल झाले होते, पण ती थांबली नाही. सासऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बाबांनी मौनबिन धरलेलं नाही," ती म्हणाली. "माझे आईवडील आले होते तेव्हा त्यांची कवळी मी कचऱ्यात टाकली. ती शोधायला ते इथे येत होते. मला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून तोंड मिटून होते."

मग तिनं नदीकडे हात केला.

"आमच्या गावी वाहत्या पाण्यात कुणी थुंकत नाही. मी इथे आले आणि पहिल्याच आठवड्यात राखेची बादली घेऊन मागच्या दारानं बाहेर पडले. मला कुणी सांगितलं नव्हतं. पायवाट होती, तिच्यावरून गेले. तेव्हापासून रोज पडल्या पडल्या नदी ऐकते आणि मला घर आठवतं. ती डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिली ती या पायऱ्या निघाल्या तेव्हा. इथे ट्रक उभे केलेत तर ती मला पुन्हा नुसती ऐकूच येईल. एवढंच सांगायचं होतं." आणि एवढं बोलून तिला आपण काय केलं ते उमगलं. तिनं मान खाली घातली.

पहिली बोलली ती इनोबात. "पोरी, तू कवळीचं काय घेऊन बसलीस? माझ्या सासूची अख्खी पेटी या ढिगात आहे. आणि ती काही चुकून गेलेली नाही."

मग जो हशा उठला त्यात मामासालीची माणसंसुद्धा होती. कुणी म्हणालं, आमची सायकल. कुणी म्हणालं, आमचा जुना रेडिओ, आणि ट्रॉलीत गेला तेव्हा मीच ओळख दिली नाही. तश्तानबेकनं रुमाल सोडला. बोळकं उघडून तो सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि म्हणाला, कवळी पंगतीत पावाशेजारी काढून ठेवली होती मी, ते ही सांगत नाहीये, माझी सून आहे ना. मग तो थांबला. डोळे पुसले. "जन्मभर बोललो," तो म्हणाला, "पण इतकं थोडक्यात आणि इतकं खरं मला कधी जमलं नाही. हिनं सांगितलं तेच माझं म्हणणं."

एल्झादानं जे पाहिलं ते वर कळवलं. हिवाळा सरता सरता बागेला होकार आला.

तिथून पुढे सगळं गोड झालं असं नाही. एल्झादानं आणलेल्या आराखड्यात काठाकाठानं सरळ रांगेत बाकं होती. आळीनं विचारलं, बाकावर बसून चहा कसा प्यायचा? आम्हाला तापचान हवेत, पाण्याच्या कडेला, मांडी घालून बसायचे लाकडी चौथरे. बाई हट्टी होती, आळी तिच्याहून हट्टी. शेवटी बाकं निम्मी झाली. विलोची रोपं लावली, पायवाट बांधली, आणि पुढच्या वसंतात पांढरा उंट उधळला. एका दुपारी खालची सगळी रोपं आणि पायवाटेचा मोठा तुकडा नदीनं उचलून नेला. लोक उघड्या पडलेल्या मातीकडे बघत उभे राहिले. वर्षाची मेहनत होती ती. कुणीतरी म्हणालंसुद्धा, यापेक्षा उकिरडा बरा होता, तो तरी वाहून जात नव्हता.

पाणी ओसरल्यावर काठावर मोठा घरघराट आला. मामासाली क्रेनचा ट्रक घेऊन आला होता, मागे दोन ट्रक भरून धोंडे. बागेमुळे त्याला आवार हलवायला सांगितलं होतं, पण ते अजून हललं नव्हतं. शहराबाहेर, नीट गटार असलेली जागा त्याला मिळायची होती आणि त्यावरून तो रोज कुणा ना कुणाशी भांडत होता. पण संध्याकाळपर्यंत त्यानं काठाला धोंड्यांचा असा बांध घातला की एल्झादा बघतच राहिली. तश्तानबेक आभार मानायला गेला. मामासालीनं त्याला बोलूच दिलं नाही.

"तुमच्यासाठी नाही केलं, अक्सकाल. माझी म्हातारी आई रोज विचारते, नदीवर बसायला कधी नेतोस. डोकं खाल्लंय तिनं माझं."

"तिला माझा सलाम सांग," तश्तानबेक म्हणाला. "आणि सांग, तिच्या लेकानं आमची लाज राखली."

मामासालीनं मान फिरवली आणि क्रेनवाल्यावर उगाचच ओरडला.

बायकांनी आपापल्या अंगणातली जर्दाळूची रोपं आणून बांधाच्या वर लावली. एक कनिशायनं लावलं. उलान त्या उन्हाळ्यात घरी आला तेव्हा ती त्याला पहिल्यांदा कुठे घेऊन गेली असेल तर तिथे. परत जायची तिकिटं काढायची वेळ आली तसा तो टाळाटाळ करायला लागला, आणि शेवटी शहरातच गवंडीकामाला लागला. घरात आता एक लहानगी रांगत होती. तश्तानबेक पहाटे नमाज झाला की चटईवर हात पसरून बसायचा आणि त्याची दुआ लांबतच जायची. सुनेसाठी, इनोबातच्या चुकीच्या अंदाजासाठी, ज्यांनी हातातलं दाताळं काढून घेतलं त्यांच्यासाठी, त्या चिखलाच्या बुटांच्या बाईसाठी, मामासालीच्या म्हातारीसाठी. कनिशाय दारातून म्हणायची, "बाबा, चहा निवतोय. देवालाही दुसरी कामं असतील."

आणखी काही उन्हाळ्यांनंतरची गोष्ट. रविवार होता, काठ माणसांनी फुलून गेला होता. तश्तानबेक फिरत फिरत पायऱ्यांजवळच्या विलोखाली आला. तिथला तापचान म्हणजे त्याची नेहमीची जागा. आज तिथे भलतंच बिऱ्हाड बसलं होतं. नवरा, बायको, तिची आई, दस्तरखानवर पाव, काकड्या, उकडलेली अंडी. चेहरे आळीतले नव्हते. म्हातारा दुसरीकडे वळणार, एवढ्यात ती बाई उठली आणि तिनं जागा करून दिली.

"या, अक्सकाल, बसा की. उन्हात का उभे?"

तश्तानबेक बसला. बाई बोलकी होती. त्यांची वस्ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून यावं लागतं, पण उन्हाळ्यात एकही रविवार चुकवत नाही, असं तिनं सांगितलं. इथला वारा वेगळाच आहे. पलीकडच्या जर्दाळूखाली दुपारी सावली चांगली असते, पण संध्याकाळी इथेच बसावं, पाण्यावर ऊन पडतं ते इथून छान दिसतं. तिची आई मध्येच म्हणाली, अशी जागा कुणी केली असेल, देव त्यांचं भलं करो. आणि तिनं दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. तश्तानबेकनंही फिरवले.

"तुम्ही कुठून आलात?" नवऱ्यानं विचारलं.

त्याच्या जिभेवर सगळं आलं होतं. उकिरडा, पायऱ्या, पोरगी, पूर. असा श्रोता मिळाला की पूर्वी त्यानं संध्याकाळ संपवली असती. पण बाईनं पाण्याकडे ज्या हक्कानं हात केला होता, तो हक्क त्याला मोडवेना.

"इथूनच, जवळून," तो म्हणाला.

"मग पहिल्यांदाच आलात की काय? येत जा हो. इथे कुणी अडवत नाही," बाई म्हणाली. तिनं पाव मोडून त्याच्यापुढे ठेवला आणि वाडग्यात चहा ओतला. अर्धाच ओतला, पाहुण्यानं लवकर उठू नये म्हणून. तश्तानबेकनं वाडगा दोन्ही हातांत घेतला आणि मांडी नीट घालून बसला.